आधी लेकरू, मग माफी

तक्रार दिली की सुटका होते, असं मला वाटत होतं. कसलं काय! पोलीस ठाण्यात आधी म्हणाले, "ताई, घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या." सरकारी दवाखान्यात पाठीवरचे वळ दाखवले, कागद आणला, तेव्हा कुठं तक्रार लिहून घेतली. मग तीच कहाणी महिला कक्षातल्या मॅडमना पुन्हा पहिल्यापासून. सांगून सांगून ती दुसऱ्याच कुणा बाईची वाटायला लागली. रोज देवासमोर बसायचे, पण हात जोडले तरी आत काही हलायचं नाही. रागच होता माझा त्याच्यावर.

कारण लेक सासरीच राहिली होती. मार खाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी सिल्लोडला माहेरी यायला निघाले, तेव्हा नवऱ्यानं चार वर्षांच्या पोरीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं. समुपदेशनाला दोन्ही घरं समोरासमोर बसली, तर सासूबाईंनी पदर पसरला. "सवतीनं लेकरू मारून पाण्यात टाकलं, तरी वेरूळच्या त्या भक्तिणीनं माफ केलं. तुला नवऱ्याला माफ करता येईना व्हय? तक्रार मागं घे, पोरगी लगेच देतो." माझा सख्खा भाऊ मान खाली घालून म्हणाला, "ताई, घे ना मिटवून." तिथंच मी मोडले. उद्या सही करते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाण्याआधी वेरूळला गेले. ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतलं, पण मागायला शब्द सुचेनात. कुंडाच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले. शेजारी यात्रेच्या गाडीतून आलेली एक पोक्त बाई फडकं सोडून जेवत होती. तिनं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा गं. रडायला बी अंगात बळ लागतं."

कोण कुठली बाई, पण मी तिला सगळं सांगून टाकलं, सासूबाईंचं बोलणंसुद्धा. ती चिडलीच. "अगं माय, अर्धीच कथा सांगितली की तुला! देवानं तिचं लेकरू पाण्यातून जितं परत दिलं, अन् मग तिनं सवतीला माफ कर म्हणून देवाला सांगितलं. आधी लेकरू, मग माफी. तुझं लेकरू तर अजून त्यांच्याच हातात हाय. माफी कशाची मागतेत?"

गाडीचा हॉर्न वाजला तशी ती उठून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. ही कथा लहानपणापासून ऐकत आले होते मी, पण तिचा क्रम कधी ध्यानातच घेतला नव्हता.

ठाण्यात गेले आणि सही करणार नाही, असं सांगितलं. छळ झालेल्या बायकांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडमनी लेकीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज करून दिला. मग नुसत्या तारखा. भाऊ बोलेनासा झाला. लेकीचा फ्रॉक उशाशी घेऊन निजायचे आणि वाटायचं, काय केलंस हे बाई! सही केली असतीस तर आज ती कुशीत असती. अशा वेळी ती भाकरी आठवायची, आणि देवाला एवढंच म्हणायचे, मला काही कळत नाही, तूच बघ.

शेवटी कोर्टाचा हुकूम झाला आणि पोलीस तिला घेऊन आले. मी हात पसरले, तर पोर पळत आली नाही. बाई शिपायाचं बोट धरून उभी राहिली आणि हळूच विचारलं, "पप्पा इथं येतेत का?" नाही म्हटल्यावर माझ्या गळ्यात पडली.

खटला अजून चालू आहे. सासूबाईंचे निरोप येतात, आता तरी माफ कर म्हणून. त्या भक्तिणीएवढं माझं मन मोठं नाही. देवा, लेकरू दिलंस, तुझे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. माफी मात्र माझ्याच्यानं होत नाही रे. ती तुझ्या पायाशी ठेवली आहे. द्यायची का नाही, ते तूच बघ.