एकादशीचा उपवास आणि डोळ्यातला थेंब

मागच्या एकादशीला सडा टाकला, तुळशीला पाणी घातलं, पण काचबिंदूचा थेंब काही डोळ्यात टाकला नाही. थेंब घशात कडू उतरतो, म्हणजे उपवास मोडतो, असं मी धरून चालले होते.

काल वडवणीला डॉक्टर मॅडमनी डोळ्याचा दाब तपासला, तर वाढलेला! "मावशी, थेंब चुकवता का?"

"न्हाई ओ. फक्त सोमवार अन् एकादशी सोडते."

त्यांनी कपाळाला हात लावला. "थेंब टाकून डोळा मिटा अन् नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबा. घशात उतरणार नाही."

आमच्या मालकांची नजर काचबिंदूनंच गेली. शेवटी ते मला बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायचे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोण कोण उपवासाला थेंब चुकवतं? खरं सांगा!

आज एकादशी. सकाळी उपवासही धरला आणि थेंबही टाकला. कडू लागलंच नाही!