खंडेनवमीचा नारळ

"तुझ्या हातून नको. पूजा आहे," असं म्हणत ताईंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

हिंजवडीतल्या कंपनीचं कॅन्टीन. खंडेनवमी. कॉम्प्युटरना हार, आमच्या सुऱ्यांना हळदकुंकू. त्याच सुऱ्यांनी मी रोज सगळ्या कंपनीची भाजी चिरायचे. तेव्हा माझे हात चालायचे.

ताई सत्संग मंडळाच्या. तुरुंगात दर आठवड्याला यायच्या. खोटं कशाला बोलू, आत मला पहिल्यांदा झोप लागली ती त्यांच्या भजनांनी. सुटल्यावर नोकरीही त्यांनीच लावली. ती पक्की झाली की बालगृहातली माझी मुलगी मला मिळणार होती. कंपनीचे साहेब त्यांच्याच मंडळातले, त्यामुळे पक्की होणं ताईंच्या शब्दावर होतं.

नारळ साहेबांनी फोडला. मग ताईंनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. "लाजू नकोस. नवऱ्याला कसं मारलंस ते सांग. मग देवाने तुला माणूस कसं केलं ते सांग."

एकाने मोबाईल वर धरला. "मावशी, जरा इकडे बघून."

तुरुंगात ताईंनी हे पाठ करून घेतलं होतं. मी पापी होते, शुद्ध झाले. पाहुणे आले की म्हणायचं आणि पाया पडायचं.

त्या दिवशी तोंडातून दुसरंच आलं.

"वरवंट्याने मारलं. डोक्यात. पडल्यावरही मारलं. त्याने पोरीचा हात तापलेल्या तव्यावर दाबून धरला होता. कातडी तव्याला चिकटली. खडकीतल्या आमच्या चाळीने तिचं ओरडणं ऐकलं आणि दारं लावून घेतली. शिक्षा मी पूर्ण भोगली. माणूस मी तेव्हाही होते."

ताई हळूच म्हणाल्या, "अगं, हे नाही सांगायचं. पाया पड आणि बस खाली."

ताटात दुसरा नारळ होता. उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. पाणी ताईंच्या साडीवर उडालं. त्या किंचाळून मागे सरल्या.

"घाबरू नका, ताई. नारळच आहे."

नोकरी त्याच दिवशी गेली. मुलगी मिळायला आणखी वर्षं गेली.

आता कात्रजला माझं पोळीभाजी केंद्र आहे. तुरुंगातून सुटलेल्या बायका कामाला आहेत. कोणी भजन म्हणते, कोणी माझ्यासारखी बुद्धाचं त्रिशरण. काय केलंस, हे मी कोणाला विचारत नाही. देणगीवाले येतात, म्हणतात, "एकीला जरा बोलायला उभं करा." मी त्यांना दार दाखवते.

खंडेनवमीला नारळ सगळ्यात नव्या बाईच्या हातात देते. तो काढून घ्यायला कोणी पुढे आलं, तर त्याला मी फरफटत रस्त्यावर नेईन. हे हात काय करू शकतात, ते मला माहीत आहे.