डिझेलमधलं पाणी

देविदासकाका गाडीची किल्ली अर्धीच फिरवत आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसत. स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागे, वेटोळ्या तारेच्या आकाराचा. तो विझेपर्यंत त्यांचं लक्ष त्याच्यावरून हलत नसे. तो विझला की किल्ली पुढे. मे महिन्यात सकाळी सातलाच भिंती हाताला चटका देतात अशा आमच्या पांढरकवड्यात, इंजिन उबदार व्हायची वाट बघत बसणारा हा आपला ड्रायव्हर बघून, सई, तू विचारलं होतंस, "काका, एवढ्या उन्हात हीटर कशाला?" तर म्हणाले, "झोपीतल्या मानसाले उठवून लगेच कोनी पयवते काय, पोरी? आधी जागू द्या तिले." त्या दिवसापासून तू आणि मिहिर, तुम्ही दोघांनी त्यांचं नाव हीटरकाका ठेवलंत. त्यांना ते आवडलं होतं. केळापूरला घरी जाऊन त्यांनी बायकोलाही सांगितलं होतं.

ती गाडी आम्ही घेतली तुमच्या आजोबांच्या गुडघ्यांसाठी. बुटक्या गाडीत वाकून बसणं त्यांना जमेना, आणि शेताचा रस्ता काळ्या मातीचा. लहान गाडी तिथे पोटावर टेकते. म्हणून पुसदच्या एका गृहस्थाची वापरलेली, उंच, डिझेलवरची एसयूव्ही आणली. आजोबा लगेच खूश झाले. मी झाले नाही. मागच्या सीटवर कुणाच्या तरी तंबाखूचा वास होता आणि गाडी थांबली तरी कप्प्यातली नाणी वाजत राहत. पण गाडीबरोबर तिचं इंग्रजी पुस्तक आलं होतं, ते मात्र मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई मी. वाचलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बरोबरची खूण करायची सवय तुम्हाला माहीत आहेच.

देविदासकाकांना इंग्रजी येत नव्हतं. ते लांब पेचकसाची मूठ कानाला लावत, टोक इंजिनवर टेकवत आणि डोळे मिटून ऐकत. जुन्या गाडीबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. पहिल्याच दिवशी आजोबांना म्हणाले, "भाऊसाहेब, जुनी गाडी म्हंजे पाटाची बायको. पैल्या घरचं कायी इचाराचं नाई. नीट वागवली तं जलमभर साथ देते." आजोबा गुडघे विसरून हसले. मी म्हटलं, "देविदासभाऊ, आमच्या घरात असं बोलत नाहीत." ते लगेच, "चुकलं जी, बाई," म्हणाले. पण हसू त्यांच्या मिशीत राहिलंच.

लांबून आलो की फाटकात गाडी उभी करून ते इंजिन लगेच बंद करत नसत. "दम बसू द्या तिचा." मिनिटभर गाडी नुसती धडधडत राही. आजोबांना ते मिनिट बरं पडे. तेवढ्यात ते एकेक पाय सोडवून घेत. मी मात्र घराच्या पायरीवरून बघत मनात म्हणायची, बसल्या जागी डिझेल जळतंय. गंमत अशी, की ते मिनिटही त्या पुस्तकात लिहिलेलं होतं. पुस्तकात होतं तेव्हा ती सूचना होती, आणि देविदासकाकांनी केलं की तो उधळेपणा.

आता मुद्द्यावर येते. शेतातल्या टिनाच्या खोलीत आजोबा ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम ठेवतात. शेतावर गेलं की त्यातूनच या गाडीतही डिझेल भरायचं, अशी शिस्त मी लावली होती. देविदासकाकांना ती पटली नव्हती. "ड्रमातलं नका टाकू जी, बाई. ड्रम पानी धरते. पंपावर भरू."

मी ते ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला. पंपावर भरू म्हणजे पंपावर यांची कुणाशी तरी ओळख असणार. शिक्षिकेच्या नोकरीत कॉप्या पकडून पकडून माझ्या डोक्याला एक वळण लागलं आहे. कुणी काही सुचवलं की आधी मी त्यात त्याचा फायदा शोधते.

मग एका सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसलं. बॉनेट वर, देविदासकाका आत वाकलेले, आणि एका बारीक नळीतून पाण्याच्या बाटलीत काहीतरी पडतंय. बाटली चतुर्थांश भरली. त्यांनी टोपण लावून ती आपल्या पिशवीत घातली आणि हात पुसले. पुढच्या सोमवारी तेच. मी तिसऱ्या सोमवारची वाट बघितली. माझ्या मते हा न्याय होता. तीनदा पाहिल्याशिवाय मी कुठल्या विद्यार्थ्यालाही वर्गाबाहेर काढलेलं नाही. तीनदा बघण्याऐवजी एकदा विचारता आलं असतं, हे मला सुचलं नाही.

तिसऱ्या सोमवारी मी पडवीत जाऊन उभी राहिले.

"देविदासभाऊ, पिशवीत काय आहे?"

"बाटली हाय जी."

"बाटलीत काय आहे?"

"पानी काढून राह्यलो होतो, बाई. डिझेलातलं."

"पाणी रेडिएटरमध्ये असतं. डिझेलमध्ये पाणी नसतं, देविदासभाऊ. आणि ते घरी कशाला नेता?"

"अंगनात ओतलं तं तुमचे गुलाब जयतीन ना. मिस्त्रीकडं देतो, त्याच्या कामी येते पुर्जे धुवाले. हे पाहा नं..." असं म्हणून त्यांनी बाटली बाहेर काढली आणि उजेडाकडे धरायला लागले.

मी म्हटलं, "मला दाखवू नका. डिझेल कसं दिसतं ते मला माहीत आहे. तुम्ही चोरी करता आहात."

त्यांना मी कधी अरे-तुरे केलं नाही, याचा मला अभिमान होता. चोर म्हणतानाही मी 'तुम्ही'च म्हणाले.

बाटली त्यांच्या हातात तशीच अर्धवट वर राहिली. मी नजर नुसती दोन वीत वळवली असती तरी दिसलं असतं. पाणी जड असतं, ते खाली बसतं, डिझेल वर तरंगतं. मध्ये रेघ पडते. शाळेतलं मूलही सांगेल. मी रस्त्याकडे बघत राहिले. त्यांनी बाटली पायरीवर ठेवली, खिशातून किल्ली काढली, ती बाटलीशेजारी ठेवली, चपला घातल्या. फाटकाशी थांबून म्हणाले, "भाऊसाहेबाले जपून चढवजा गाडीत. डावा गुडघा लय दुखून राह्यला त्याईचा." आणि गेले.

आजोबा आंघोळ करून बाहेर आले तेव्हा मी ती बाटली मोरीत ओतून, धुऊन कचऱ्यात टाकली होती. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बघायचं तरी होतं." मी म्हटलं, "तुम्हाला सगळेच चांगले वाटतात." त्या दिवशी ते शेतावर गेले नाहीत.

इथवर जे झालं ते घरातच राहिलं असतं, तर कदाचित मी हे लिहायला बसले नसते. पण मी ते सांगितलं. शेजारच्या वनमालाताईंना कुंपणावरून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बापा! दिसते तं केवढा साधा!" आमच्या भजनी मंडळात, मंडळींनी नवीन ड्रायव्हर कोण म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं. आणि इथल्या एका शाळेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. देविदासकाकांनी शाळेच्या बससाठी अर्ज केला होता आणि ओळखीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं होतं. अर्ज त्या सोमवारच्या आधीचा असणार. मी विचारपूर्वक, मोजून बोलले: "गाडी उत्तम चालवतात. पण डिझेलच्या बाबतीत मी खात्री देऊ शकणार नाही." फोन ठेवताना मला वाटलं, मी किती संयमाने बोलले.

आणि रविवारच्या फोनवर तुम्हाला सांगितलं. मिहिर, तू क्षणात म्हणालास, "म्हणजे हीटरकाका नाही, लीटरकाका!" सई खदखदून हसली. मीही हसले. नंतर भजनी मंडळात तो विनोद मी माझा म्हणून सांगितला.

दीड महिन्याने गाडी धक्के खाऊ लागली. रोजंदारीवर येणारा नवा ड्रायव्हर म्हणे, जुनी आहे, असं व्हायचंच. एका दुपारी शेताच्या वळणावर ती बंदच पडली. आजोबा आत, मी बाहेर बाभळीच्या सावलीत, आणि गावातून दुचाकीवर आलेला मिस्त्री बॉनेटखाली. त्याने तीच बारीक नळी लावली, त्याच जागी, आणि काचेच्या जुन्या बरणीत धार सोडली. मग माझ्यासमोर बरणी धरून म्हणाला, "पाहा काकू, अर्ध्याहून जास्त पानी. फिल्टरच्या बुडाशी जमते ना हे. दर आठ दिवसाले काढा लागते. ड्रमातलं टाकता काय?"

मी होय म्हटलं.

"मंग तं पक्कंच. पैले कोन काढत होतं? इतके दिवस चालली म्हंजे कोनीतरी काढतच असन."

मी बरणीतल्या रेघेकडे बघत होते. उत्तर आजोबांनी आतून दिलं. "देविदास काढायचा."

"असं म्हना! तो आनून देत होता ना मले बाटल्या. वरचं डिझेल घ्या पुर्जे धुवाले, म्हने, खालचं पानी फेका."

घरी येऊन मी ते इंग्रजी पुस्तक काढलं. पान होतं. चित्रासकट, बाणासकट. फिल्टरमधलं पाणी नियमित काढा, ड्रममधलं डिझेल वापरत असाल तर अधिक वेळा काढा. पानाच्या कोपऱ्यात माझी बरोबरची खूण होती.

केळापूरला गेले तर त्यांच्या बायकोने सांगितलं, ते राजूरला कोळशाच्या ट्रकवर आहेत. पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाहीत. शाळेचं काम झालं नाही म्हणून. ती माझ्याशी नीट बोलली, पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. मी वणीमार्गे एसटीने राजूरला गेले. त्या गाडीत बसून जायचं धैर्य झालं नाही.

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेलं होतं. ट्रकच्या रांगेशेजारी चहाची टपरी होती, तिथे ते भेटले. बनियनवर, कानांच्या पाळ्यांपर्यंत काळे. मला बघून आधी धावत जाऊन खुर्ची आणली, रुमालाने झटकली, मग म्हणाले, "भाऊसाहेब बरे हायेत ना, बाई?" मी कागद काढला. दोनच वाक्यं वाचली असतील, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. रागाने नाही. समोरून येणारा ट्रक थांबवावा तसा.

"मले कायले सांगता जी? मले तं मालूमच होतं."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

ते चहावाल्याकडे बघत म्हणाले, "ज्याईले ज्याईले सांगतलं, त्याईले सांगा."

मी विचारलं, परत याल का? ते म्हणाले, "आता नाई जी." चहा त्यांनी मागवला आणि दोघांनी प्यायला. जाताना त्यांनी मला एसटीत खिडकीशी जागा धरून दिली.

परत येताना मी त्या कागदाच्या मागे नावं लिहिली. वनमालाताई. भजनी मंडळ. व्यवस्थापक. सई. मिहिर. सगळ्यांत सोपं जाईल म्हणून कुंपणापासून सुरुवात केली. वनमालाताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, झालं ते झालं. पन बाई, कायीतरी केलंच असन ना त्यानं, उगाच कोनी म्हनते काय?" उगाच म्हणणारी मीच आहे, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं, आणि तरी पटलं असं मला वाटत नाही. भजनी मंडळात मी उभी राहून सांगितलं, मिस्त्रीची बरणी, रेघ, सगळं. बायका खाली बघत राहिल्या. मग कुणीतरी टाळ वाजवायला घेतले. व्यवस्थापकांकडे स्वतः गेले. ते सौजन्याने म्हणाले, "आता जागा भरली, मॅडम. पण कळवलंत हे बरं केलं." त्यांच्या खिडकीतून शाळेची पिवळी बस दिसत होती. मुलं चढत होती.

राहिलात तुम्ही. तीन रविवार मी फोनवर विषय काढायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी तुमची घाई होती. दुसऱ्या वेळी मिहिर, तूच विचारलंस, "लीटरकाकांचं काय चाललंय?" आणि माझ्याच्याने बोलवेना. तिसऱ्या रविवारी मी हवामानाबद्दल बोलले. नातवंडांसमोर आपण शहाणे दिसावं, ही हाव म्हातारपणी कमी होत नाही, उलट वाढते. म्हणून शेवटी लिहायला बसले. कागदावर मला पळ काढता येत नाही.

तर नीट वाचा. देविदासकाकांनी आपलं डिझेल चोरलं नाही. दर सोमवारी ते डिझेलमधलं पाणी काढत होते, ते आपल्याच ड्रममधून आलेलं होतं, आणि मला दाखवायला त्यांनी बाटली वर धरली तेव्हा मी बघितलं नाही. तुम्ही ज्या नावाला हसलात ते नाव तुमचं नाही, त्यातली चोरी मी पुरवली होती. तुम्ही ते आणखी कुणाला सांगितलं असेल, तर त्यांनाही सांगा.

वाचलंत की तसं कळवा. राजूरला मी अजून परत गेलेले नाही. त्या यादीच्या कागदावर तुमची दोन नावं खोडायची राहिली आहेत, तोवर त्यांच्यासमोर जायला मला तोंड नाही.