साडूंचे राखून ठेवलेले टायर

माझ्या साडूंइतका तयारीनिशी हरणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरा सापडणार नाही. हरणारे पुष्कळ असतात, त्यांत मीही येतो. पण आम्ही हरतो ते आळसाने, नाहीतर नशिबाने. साडू हरतात ते अभ्यास करून. सोमवार ते शुक्रवार ते ब्रिस्बेनमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतात आणि शनिवारी संध्याकाळी एका जुनाट सेडानमध्ये बसून मातीच्या ट्रॅकवर स्वतः करतात. गाडीला काचा नाहीत, मागची सीट नाही, आत नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा. ट्रॅक म्हणजे एक लांबट गोल, एवढासा, की अलीकडून ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, हाक मारली तर पलीकडच्या वळणावर साडूंना ऐकू जावी. त्या एवढ्याशा जागेत पंधरा-वीस गाड्या एकमेकींना खेटून गरागरा फिरतात. पुण्याहून इंजिनिअर होऊन, स्किल्ड व्हिसावर येऊन, स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये चांगलं घर बांधून माणसाने हे का करावं, असं मी एकदा विचारलं होतं. "अरे, टायर कळायला लागला ना, की माणूस कळायला लागतो," असं ते म्हणाले. मी त्यांच्याहून लहान, त्यामुळे ते मला अरेतुरे करतात आणि मी त्यांना अहोजाहो. पुढचं मला मनातच म्हणावं लागलं.

टायर कळण्यासाठी ते त्याला नख लावतात. अंगठ्याचं नख रबरात रुतवायचं आणि डोळे मिटून किती आत जातंय ते बघायचं. स्वतःच्या गाडीपुरतं हे ठीक आहे, पण साडूंना परका टायर अशी गोष्टच ठाऊक नाही. एकदा शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये आमची बायकामंडळी सामान भरत होती आणि हे शेजारच्या भल्याथोरल्या यूटच्या, म्हणजे इथल्या उघड्या हौद्याच्या गाडीच्या, मागे उकिडवे बसले. गाडीचा मालक आला. दंडावर ड्रॅगन गोंदलेला. "यू राइट, मेट?" त्याने ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात मी तरी घरचा रस्ता धरला असता. साडू न उठता म्हणाले, "नो वरीज, मेट. पण तुमचा मागचा डावा फार कडक झालाय. पावसात जपा." तो माणूस स्वतः वाकून मागचा डावा बघून आला आणि गाडीत बसला. माझी बायको तेव्हापासून त्यांच्याबरोबर खरेदीला जात नाही.

माती हा त्यांचा दुसरा विषय. रेसच्या आधी ट्रॅकवर पाणी मारतात. ओल्या चिकणमातीत मऊ टायर असा धरतो की सोडत नाही. पण गाड्या फिरून फिरून माती वाळते, घोटली जाते आणि शेवटी शेणाने सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत होते. मग मऊ टायर झिजायला लागतो, त्यातही बाहेरचा मागचा, कारण वळणावर सगळा भार त्याच्यावर. जवळचा रस्ता म्हणून सगळे आतून जातात, त्यामुळे आतली माती आधी वाळते; शहाण्याने बाहेरून जावं, लांब पडलं तरी तिथे ओल असते. हे सगळं मला पाठ आहे, कारण ते मी जेवताना, प्रवासात आणि एकदा सत्यनारायणाच्या कथेच्या चौथ्या अध्यायात ऐकलेलं आहे. ताई मोदकांची उकड मळत असल्या की हे चिमूटभर उचलून बोटांत दाबतात आणि सांगतात, "अजून पाण्याचा हात लाव, दुसऱ्या घाण्यापर्यंत कोरडी पडेल." ती पडतेही, हे त्यातलं आणखी चीड आणणारं. मंडळाच्या गणपतीला महाप्रसादाच्या रांगेतही त्यांनी आम्हाला आतून जाऊ दिलं नाही. "आतली लाइन जाम होणार. बाहेरून चल," म्हणाले आणि आमची दोन्ही कुटुंबं शाळेच्या हॉलला वळसा घालून, स्वयंपाकघराच्या दारातून, श्रीखंड संपता संपता पोचली.

एवढं ज्ञान असलेला माणूस जिंकत का नाही? इथेच घोडं पेंड खातं. साडू टायर राखतात. सुरुवातीला सगळे सुसाट सुटतात तेव्हा हे बाहेरच्या मागच्या टायरला जपत, हळुवार वळणं घेत, शेवटच्या फेऱ्यांची वाट बघतात. मग बाकीच्यांचे टायर झिजले की हे उसळणार, असा बेत असतो. हा बेत मी अनेक हंगाम बघत आलो. हे उसळायच्या बेतात येतात आणि रेस संपल्याचा चौकटीचा झेंडा पडतो. रेसनंतर बाकीच्यांच्या टायरच्या चिंध्या झालेल्या असतात आणि आमचा टायर दुकानातून आणल्यासारखा. साडू तो मला अभिमानाने दाखवतात. "बघ, अजून किती शिल्लक आहे!" अहो, शिल्लक राहिल्याची ट्रॉफी कुठे देतात का?

आमचे सासरे गेले आणि सासूबाई साताऱ्याचं घर बंद करून ताईंकडे राहायला आल्या. सासऱ्यांचा टेम्पो होता. घर, टेम्पो, दोन मुली, येणारे-जाणारे, सगळं त्या बाईने एकहाती आणि चढ्या आवाजात चालवलेलं. तो आवाजच इथे आला नाही. खिडकीपाशी खुर्ची घेऊन त्या दिवस दिवस बसायच्या. बाहेर रस्ता, त्यावर माणूस नाही. नातवंडं "आजी, वॉन्ट सम टी?" विचारून खोलीत पळायची. काय हवं विचारलं तर "काही नको." जेवण दोन घासांवर आलेलं. डॉक्टर झाले, मंदिर झालं, मराठी सिरियली लावून झाल्या. ताई माझ्या बायकोला फोन करून रडायच्या, "अगं, आई अशीच विझत जाणार का गं?" आम्हा सगळ्यांनाच ती भीती होती, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं इतकंच.

दसऱ्याच्या सुमारास हंगामातली मोठी रेस होती. शुक्रवारी पात्रता फेऱ्या, शनिवारी फायनल. शुक्रवारी दुपारी पाऊस पडून गेला, ट्रॅक ओला राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा साडूंना टायर राखायची गरजच पडली नाही. ते चक्क पुढे आले. फायनलला पहिल्या रांगेतून सुटायचं! क्लबच्या माणसाने त्यांच्या चारही टायरवर पिवळ्या रंगाची खूण केली, कारण नियम असा की फायनलला तेच टायर. बदललात तर सगळ्यांच्या मागून सुटायचं. दुसराही एक नियम होता. टायरला कसलंही तेल किंवा केमिकल लावायला सक्त मनाई. त्याने रबर मऊ पडतं, पकड वाढते, म्हणून चोरून लावणारे लावतात आणि म्हणून तिथे एक तपासनीस टायर हुंगत फिरतो. साडूंनी गाडी ट्रेलरवरून उतरवून ड्राइव्हवेवर लावली आणि तिच्याकडे बघत बघत घरात गेले. ही फायनल त्यांना किती हवी होती ते त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळत होतं.

शनिवारी दसरा. सकाळी आम्ही सोनं घेऊन गेलो. सोनं म्हणजे रस्त्याकडेच्या बोहिनियाची पानं. आपट्याचीच ती लांबची बहीण. ड्राइव्हवेवर पाहतो तर सासूबाई पदर खोचून पाटावर बसलेल्या. शेजारी बादली, ब्रश आणि खोबरेलाची वाटी. चारही टायर लख्ख घासलेले, तेलाने न्हाऊ घातलेले, हळदीकुंकू लावलेले, चाकाखाली लिंबू. आणि सासूबाई बोलत होत्या! "या, या! किती उशीर? अहो, काय ती गाडीची दशा! सणासुदीला असा चिखल? टायर म्हणजे गाडीचे पाय. पाय धुवायचे, तेल लावायचं, मग हात जोडायचे. ह्यांच्या टेम्पोला दर दसऱ्याला मीच लावायची. ह्यांना जमायचंच नाही, नुसतं थापायचे." मागे दारात ताई उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. आणि त्यांच्या मागून हाफपँटीत साडू आले.

मी कपाळाला हात लावणार होतो, तो अर्ध्यात थांबवला. साडूंनी टायर पाहिले. वाटी पाहिली. ती जवळजवळ रिकामी होती. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं आता हा माणूस मटकन खाली बसणार. "आई," ते म्हणाले, "काय चकाकतायत हो!" आणि चपला काढून त्यांनी गाडीला नमस्कार केला. मी हळूच फडकं उचललं तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुसू नकोस. त्या बघतायत." सासूबाईंनी आम्हा दोघांनाही कुंकू लावलं आणि जाहीर केलं की संध्याकाळी त्याही येणार.

ट्रॅकवर तपासनीस आला. त्याने पहिल्या टायरपाशी नाक नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. "मेट, हे कोकोनट आहे का?" साडू म्हणाले, "हो. मी लावलं. आमच्याकडे आज गाडीची पूजा असते." "तू लावलंस?" "मीच." त्या बिचाऱ्याने टायरवरच्या कुंकवाला बोट लावून पाहिलं. चोरून तेल लावणारा कुंकू लावत नाही, हे त्यालाही कळत असावं. पण नियम तो नियम. "सॉरी, मेट. टायर बदल, मागून सूट." मी म्हटलं, खरं सांगा ना त्याला, कदाचित ऐकेल. "आणि त्याने आईंना जाऊन विचारलं तर?" साडू म्हणाले. "त्यांना कळायला नको. आज किती महिन्यांनी बोलल्यात." मग सासूबाई ताईंबरोबर पलीकडे कठड्यापाशी जागा धरून होत्या तोवर आम्ही दोघांनी ते चकाकणारे टायर काढले आणि गेल्या हंगामातले जुने, कडक, नख न रुतणारे टायर चढवले. पहिली रांग आमच्यासमोरून निघून गेली. साडू नट आवळत राहिले. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आणि पाहिलं नाही असं केलं.

सुरुवातीला ओल्या मातीत त्या टायरांनी पार दैना केली. गाडी आडवी, उभी, पुन्हा आडवी. सासूबाई मांडीवर शाल घेऊन कठड्याला टेकलेल्या, "अहो सांभाळून!" असं साताऱ्याच्या आवाजात ओरडत होत्या, आणि आसपासचे लोक वळून बघत होते. मग माती वाळली. पुढच्यांचे मऊ टायर झिजून घसरायला लागले. आणि साडूंकडे त्या दिवशी राखायला काही नव्हतंच! राखायचं नसलं की हा माणूस काय चालवतो ते मी तेव्हा प्रथम पाहिलं. बाहेरच्या, आता जेमतेम दमट उरलेल्या कडेने एकेक गाडी मागे टाकत ते पाचवे आले. पहिल्या रांगेतून सुटले असते तर, हा हिशेब मी मनात केला, आणि साडूंनी केला नसेल असं मला वाटत नाही. सासूबाईंच्या लेखी मात्र सगळ्यांच्या मागून निघून एवढ्यांना ओलांडणारा जिंकलाच होता. "तेलाचा गुण!" त्या म्हणाल्या. साडूंनी हेल्मेट काढलं. "तेलाचाच, आई." घरी आल्यावर त्यांनी स्वतः पिठलं टाकलं आणि सगळ्यांना बसवून वाढलं. ताई जेवता जेवता दोनदा उठून आत गेल्या.

ही अळीमिळी गुपचिळी आजतागायत चालू आहे. दर शनिवारी सकाळी सासूबाई टायरना तेल लावतात. रेसचे खरे टायर माझ्या गॅरेजमध्ये असतात. संध्याकाळी साडू गाडी घेऊन आधी माझ्याकडे येतात, आम्ही तेलाचे उतरवतो, कोरडे चढवतो आणि परतताना उलट. सासूबाईंचा आवाज आता शेजारच्या गल्लीत जातो. त्या डाळीत मीठ कमी म्हणतात, नातवंडांना मराठीत रागावतात, मला जाड झालात म्हणतात. पहिली रांग साडूंना त्यानंतर पुन्हा मिळालेली नाही. हा माणूस मला फार आवडतो, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही आणि ते टायरवर बोलायचे थांबले तरच सांगता येईल.

मध्यंतरी मात्र सासूबाई पुन्हा गप्प झाल्या. तेल पिऊन पिऊन ते टायर भेगाळले होते, कितीही चोळले तरी काळवंडलेलेच दिसायचे. "माझ्या हातातच आता काही राहिलं नाही हो," त्या म्हणाल्या आणि वाटी तशीच ठेवून खुर्चीत जाऊन बसल्या. पुढच्या शनिवारी मी गेलो तर गाडीला कोरे करकरीत टायर. साडूंनी फायनलसाठी राखलेले, माझ्या गॅरेजमधून मला न विचारता नेलेले. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून खाली बसत होत्या. मी साडूंना बाजूला ओढलं. "अहो, हे रेसचे आहेत!"

"हो."

"मग संध्याकाळी तुम्ही कशावर धावणार?"

"जुन्यांवर," साडू म्हणाले. "आईंच्या हाताखाली नवे हवेत. लगेच चकाकतात." आणि ते सासूबाईंच्या शेजारी उकिडवे बसून तेलाची वाटी धरून राहिले. बोटं बुडवून सासूबाईंनी पहिला हात फिरवला. टायर चकाकला. "बघा!" त्या म्हणाल्या, आणि सासरे कसे नुसतं थापायचे ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.