दोन बोटं वर

झुला तुम्ही पाहिला असेल. फळीचा आणि साखळ्यांचा नव्हे, कापडी झुला. एक दोर या भिंतीला, एक दोर त्या भिंतीला, आणि मधे माणूस, शेंगेत दाणा असावा तसा. झुला सगळ्यांना दिसतो. दोर निदान तुटल्यावर तरी दिसतो. पण दोरात ओवलेली बोटभर लांबीची, तीन भोकांची, जराशी वाकवलेली लोखंडी पट्टी असते ना, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अहो, सगळा झुला तिच्या जिवावर लटकलेला असतो! ती खाली ओढली की झुला वर जातो, वर सरकवली की खाली येतो, सगळा उलटा कारभार. ना गाठ सोडायची, ना स्क्रू पिळायचा. वजन आलं की ती तिरकी होते आणि दोराला घट्ट चावते. दुकानदार तिला कडी म्हणतात, गिऱ्हाईक 'ते सरकवायचं' म्हणतात. कारखान्यात तिला नुसतं पट्टी म्हणत, आणि ती करणाऱ्याला पट्टीमास्तर.

नाव ऐकून नव्या माणसाला वाटे, हा कुठल्या शाळेत पोरांच्या हातावर पट्ट्या मारायचा. मास्तरने शाळा सातवीत सोडली होती. पण तोरा मात्र हेडमास्तरचा. तेहतीस वर्षं तो एकाच बाकावर, एकाच खिडकीखाली बसला. प्रेसवर भोकं पाडून आलेल्या पट्ट्या त्याच्यापुढे पडायच्या, आणि तो एकेका भोकाची कड गोल कानशीने घासायचा. सोपं काम, म्हणाल तुम्ही. मग या आणि करून दाखवा. कड धारदार राहिली तर महिन्याभरात दोर कापते. फार गुळगुळीत झाली तर दोर सरकतो आणि माणूस जमिनीवर येतो. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, ती मास्तरच्या करंगळीच्या टोकाला कळायची. भोकात करंगळी फिरवायची, की झालं. कुणी विचारलं, "कसं कळतं हो?" तर म्हणायचा, "ते सांगून कळत असतं तर तुलाच बसवलं असतं इथे."

त्याच्यावर शिरजोर एकच माणूस होतं, त्याची बायको. ती त्याच कारखान्यात दोर ओवायची, म्हणून तिचं नाव आपोआप मास्तरीण. आणि तिच्याकडे आणखी एक काम होतं, जे दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असेल असं वाटत नाही. दर शंभर पट्ट्यांतली एक उचलायची, दोरात ओवायची, झुला टांगायचा आणि मास्तरणीने त्यात जाऊन बसायचं. पाच मिनिटं. बसून ती "चालेल" म्हणाली की शंभरच्या शंभर पट्ट्या खोक्यात. "सरकतेय" म्हणाली की सगळ्या परत मास्तरच्या बाकावर. नवरा म्हणून सूट नाही, की घरी जेवायला वाढायचंय म्हणून भीडभाड नाही. मास्तर तणतणायचा, "अगं, कुठे सरकतेय? मला तर दिसत नाही." ती म्हणायची, "तुम्हाला कशी दिसेल? बसलेय मी."

एकदा मालकाने हौसेने पॉलिशचं यंत्र आणलं. पट्ट्या अशा चकाकायला लागल्या की त्यात तोंड बघून भांग पाडावा. मास्तरने सांगून पाहिलं की भोकं आतून गुळगुळीत होतील, पण मालकापुढे शहाणपण चालतं का? मास्तरीण झुल्यात बसली. सगळे बघत होते. झुला इंच इंच करत, अगदी अदबीने खाली आला आणि ती फरशीवर टेकली. तिथेच मांडी घालून म्हणाली, "चकाकतेय छान. सरकतेयही छान." यंत्र दुसऱ्या दिवशी परत गेलं. त्या दिवशी मास्तरला बायकोचा एवढा अभिमान वाटला की घरी जाताना तिची पिशवी त्याने स्वतः धरली, जी लग्नापासून कधी धरली नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की या बाईच्या शब्दावर त्याचा कानशीपेक्षा जास्त भरवसा होता. ती बरं म्हणाली की बरं, वाईट म्हणाली की वाईट. गोड बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मग तिला धाप लागायला लागली. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, छातीचे फोटो उजेडात धरून पाहिले आणि मास्तरला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, "हृदय दमलंय त्यांचं. छातीत पाणी साठतंय. औषधं देतेय, पण बरं होण्यातलं हे नाही. आडवं झोपवू नका, गुदमरतील. टेकून बसवा, जेवढं सोसेल तेवढं."

जेवढं सोसेल तेवढं म्हणजे केवढं? मास्तरच्या डोक्यात तेवढंच राहिलं. बाकीचं त्याने ऐकलं, पण आत जाऊ दिलं नाही.

उशा लावून झाल्या. खुर्ची झाली. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवून झाले. तिला कशातच चैन पडेना. मग एका दुपारी मास्तरने पुढच्या खोलीच्या भिंतीत दोन हुक ठोकले आणि कारखान्यातला सगळ्यात जाड कापडाचा झुला आणून टांगला. डोक्याकडची बाजू उंच, पायाकडची खाली. तिला उचलून आत बसवलं. ती जराशी हलली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हं. आता बरं वाटतंय."

मास्तरला आकाश ठेंगणं झालं.

तासाभराने पुन्हा धाप लागली. हरकत नाही! पट्टी कशासाठी असते? त्याने डोक्याकडच्या बाजूखाली खांदा घातला, तिचं वजन अंगावर तोललं, उजव्या हाताने पट्टी सरळ करून दोन बोटं खाली ओढली. झुला दोन बोटं वर गेला. "आता?" "आता बरं." संध्याकाळी झुला एक बोट खाली. "आता?" "हं, बरं वाटतंय."

त्या दिवसापासून मास्तरने एकच ध्यास घेतला. या खोलीत, या दोन हुकांच्या मधे, अशी एक उंची आहे जिथे हिला श्वास नीट येतो. ती सापडली की झालं. जन्मभर ज्याने दोर वर-खाली केले, त्याला दुसरं काय सुचणार? त्याला वाटे, दुखणंसुद्धा बेतात आणता येतं, फक्त बोट दोन बोटं इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न. तो कारखान्यातून दुपारी लवकर यायला लागला. अर्ध्या बोटाने हलवता यावं म्हणून त्याने खास पट्टी घडवली, पाच भोकांची, आणि तिच्या प्रत्येक भोकाला तासभर घासलं. डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा त्याने ती त्यांना हौसेने दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "छान आहे हो," म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

मुलगी चार दिवसांसाठी आली होती. तिने बापाला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, दिवसातून वीस वेळा आईला वर-खाली करताय तुम्ही. दमते ती."

"तुझ्या आईला विचार, दर वेळी बरं वाटतं तिला."

"विचारलं."

"मग?"

"तेच म्हणाली," मुलगी म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

मुलगी गेली, त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. मास्तरने नेहमीसारखा खांदा घातला, जोर लावला आणि पाठीत अशी काही कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वजन उचललंच गेलं नाही. हातात पट्टी होती, ती नुसती हुकाशी खणखणली. दोर तसूभरही हलला नाही. त्याने दातावर दात धरून कळ सोसली, आणि 'थांब जरा, पुन्हा करतो' असं म्हणणार, तेवढ्यात वरून आवाज आला, "हं. आता बरं वाटतंय."

सवयीने तो सुखावला. पाठ चोळत मोरीशी गेला, तांब्या भरला, दोन घोट घेतले. तिसरा घोट तोंडातच राहिला.

झुला हललाच नव्हता.

मास्तर काही दूधखुळा नव्हता, पण माणसाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसला की तो पुरावे मागत बसतो. दुसऱ्या दिवशी त्याने "वर घेतो" म्हणून झुला चार बोटं खाली केला. "आता बरं." तिसऱ्या दिवशी नुसती पट्टी वाजवली. "हं, आता बरं." ते म्हणताना तिच्या गळ्याची शीर ताणलेली होती, ओठ निळसर होते आणि छाती भात्यासारखी चालली होती. हे सगळं कालही तसंच होतं, परवाही तसंच होतं. त्याने पाहिलं नव्हतं, कारण तो दोराकडे पाहत होता.

आधी त्याला राग आला, तिचाच. तेहतीस वर्षं भर कारखान्यात माझं काम नापास करताना हिची जीभ अडखळली नाही, आणि आता खोटं बोलते? मला फसवते? रागाच्या भरात त्याने बाकावर शंभर पट्ट्या घासल्या आणि करंगळी फिरवून पाहिली, तर काहीच कळेना. धारदार की गुळगुळीत, काही म्हणजे काही कळेना. राग उतरला तेव्हा त्याच्या खाली नुसती भीती होती. ही खोटं बोलत असेल, तर ती उंची कुठे आहे? आणि ती नसेलच, तर मी करायचं काय? करायला काहीतरी हवं ना माणसाला! दोन हात धडधाकट आहेत, खांदा आहे, पट्टी आहे, आणि समोर बायको बुडतेय. याला काय जगणं म्हणायचं?

आठ दिवस त्याने हे पोटात ठेवलं. रोज पट्टी वाजवली, रोज 'बरं' ऐकलं. नवव्या दिवशी दुपारी त्याने स्टूल ओढलं आणि झुल्याशी बसला.

"एक विचारू?"

"विचारा की."

"कधीपासून खोटं सांगतेस?"

तिने डोळे उघडले. बोलण्याआधी तिला श्वास जमवावा लागे. "पहिले दोन दिवस खरंच वाटलं बरं," ती म्हणाली. "मग नाही. पण तुम्ही आपले खांद्यावर घेऊन उभे. घामाघूम. विचारताय, आता? आता? काय म्हणायचं माणसाने?"

"खरं सांगायचं. सगळा जन्म सांगितलंस ना? मला सांग खरं."

"नको हो."

"सांग म्हणतो ना!" तो ओरडलाच. आजारी माणसावर ओरडलो म्हणून लगेच शरमला, पण शब्द सुटला होता.

"बरं. मग ऐका." ती थांबत थांबत बोलली, एकेक वाक्य वेगळं. "वर घेतलं तरी नाही बरं वाटत. खाली घेतलं तरी नाही. छातीवर कुणी बसलंय. ते उठत नाही. हलवलंत की उलट जास्त होतं. आणि मला भीती वाटते. फार भीती वाटते." तिने मान त्याच्याकडे वळवली. "सांगितलं खरं. आता काय करणार?"

 मास्तरने हुकाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना बोलावू, असं म्हणावं, तर त्या सकाळीच येऊन गेल्या होत्या. औषध देतो म्हणावं, तर ते दिलेलं होतं. देव आहे, असं म्हणावं, तर तिला हसू आलं असतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचं ते बघणं त्याला सोसेना. खरं काय आहे ते त्यानेच मागून घेतलं होतं, हात जोडून नव्हे, ओरडून. आता ते मांडीवर घेऊन बसायची ताकद त्याच्यात नव्हती.

त्याचे डोळे भरून आले. लहान पोरासारखा, नाक ओढत तो म्हणाला, "उद्यापासून पुन्हा खोटंच सांग मला."

ती रागावली नाही. हसलीही नाही. हात उचलायचा प्रयत्न करून तिने तो तसाच सोडून दिला.

"सांगेन," ती म्हणाली. "पण आज नको. आज दमलेय मी."

मास्तर स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसला. त्याचे दोन्ही हात मोकळे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.