मांजर रवंथ करत नाही

मच्छिंद्रराव, तुम्ही मिरजगावच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतात आणि मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. बहात्तरच्या दुष्काळात माझी भुरी मांजर पिशवीत घालून मी तुमच्याकडे आले, तेव्हा दारातल्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "बाई, हिला पेंढ्या किती लागत्यात?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. डॉक्टर गुरांच्या छावणीवर होते, म्हणून तुम्हीच तिला गोणपाटात गुंडाळलंत आणि ताप पाहिलात. एकशेपाच. बोक्याने चावलेली जखम वरून सुकली होती. आतलं विष रक्तात उतरलंय, म्हणालात.

पेनिसिलीनने चार दिवसांत काही हललं नाही. मग छावणीवर चिठ्ठी पाठवून तुम्ही डॉक्टरांकडून दुसऱ्या, पिवळ्या औषधाचं प्रमाण विचारून घेतलंत. गुरांची सुई जाड, म्हणून माणसांच्या दवाखान्यातून बारीक मागून आणलीत. तिसऱ्या सुईला भुरी अंग चाटू लागली आणि तुम्ही औषध थांबवलंत. बैल रवंथ करायला लागला की सुई बंद, हा तुमचा कायदा. मी एवढी शिकलेली, मलाही तो पटला. सुटलो एकदाचे, असंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

सुई थांबवल्याच्या पाचव्या दिवशी ती चुलीमागे आडवी पडली. ताप पुन्हा तेवढाच, हिरड्या पांढऱ्याफटक. मी तुम्हाला नको नको ते बोलले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, मांजर काय रवंथ करत न्हाई. माजंच चुकलं. आता ती उड्या मारंल, तरी मी सुई सोडनार न्हाई."

सोडली नाहीत. ती उड्या मारायला लागल्यावरही दहा दिवस रोज आलात. तुमची सायकल वाजली की ती माळ्यावर पळायची. तुम्ही शिडी लावायचात. चूक कबूल करणारे मी पुष्कळ पाहिले, पण बहुतेकांचं काम कबुलीपाशीच संपतं.

शेवटच्या सुईच्या दिवशी तुम्ही मला एक काम सांगितलंत. कुठलं औषध, किती दिवस, कुठे घाई झाली, हे सोप्या मराठीत लिहून द्या. कपाटाच्या दाराला चिकटवतो, माझ्यामागून येणाऱ्याच्या हातून तरी मांजर दगावायला नको. रविवारी देते, म्हणाले. त्या रविवारी पेपर तपासायचे होते, पुढच्या रविवारी आणखी काही. दिवाळीआधी तुमची खर्ड्याला बदली झाली. निरोप घ्यायला आलात, चहा घेतलात. कागदाचं तुम्ही विचारलं नाहीत, मीही विषय काढला नाही. तो मी लिहिलाच नव्हता.