पुस्तकात नसलेला भाऊ

"मॅडम, या पुस्तकानं माझा पार गोंधळ करून टाकला."

काका पुस्तक परत करायला आले की पहिलं वाक्य हेच. पुस्तक काउंटरवर ठेवायचे, पण हात त्यावरच. सांगून झाल्याशिवाय हात उचलायचे नाहीत, मग मागे रांग का असेना. नाशिकमधल्या एका लहानशा वाचनालयात मी पुस्तकांची देवघेव बघते. अशा जागी तुम्ही बसला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, पुस्तकं नेणारे पुष्कळ. परत देताना चार शब्द बोलणारे फार थोडे.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहायचे. वाचायला काहीही चालायचं. एकदा मी त्यांना रहस्यकथा दिली. परत आले ते काळजीतच.

"खून कुणी केला ते कळलं हो. पण मेलेल्या माणसाचा कुत्रा होता ना, त्याला नंतर जेवायला कोण घालत होतं?"

मी ती गोष्ट वाचली होती, पण कुत्रा मला आठवतही नव्हता.

पाककृतींचं पुस्तक त्यांनी कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचलं. "प्रत्येक पदार्थ चार माणसांसाठी. ही चार माणसं कोण, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही." मी हसले. ते मात्र हसले नाहीत. कवितासंग्रह हातात घेऊन म्हणाले, "पानात अक्षरं कमी, म्हणून लवकर संपेल वाटलं होतं. पंधरवडा गेला की हो!"

एकदा त्यांनी एक जाडजूड कादंबरी परत आणली.

"यात एक भाऊ-बहीण आहेत, मॅडम. बोलणं तुटलेलं. एक दिवस बहीण न कळवता त्याच्या घरी जाते. तो अंगणात कांदे निवडत बसलेला असतो. तिच्याकडे बघतसुद्धा नाही. नुसतं बसायचं गोणपाट तिच्याकडे सरकवतो. ती बसते आणि कांदे निवडायला लागते. एवढंच. मग माझा गोंधळ झाला, की मला रडू का आलं?"

मी पुस्तक जमा करून घेतलं. माझा धाकटा भाऊ सायखेड्याला शेती करतो. आईच्या शेवटच्या आजारपणात तिला नाशिकला माझ्याकडे ठेवायचं की गावी, यावरून आमचं वाजलं होतं. आई गेली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना फोनसुद्धा केला नव्हता. हे काकांना कसं माहीत असेल? कामावर मी घरचं बोलत नाही. निदान तसं मला वाटतं.

त्याच रविवारी मी द्वारका चौकातून सायखेड्याची गाडी धरली.

भाऊ कांदे निवडत नव्हता. मोटारसायकल धूत होता. मला बघून पाण्याचा पाइप हातात तसाच, आणि पाणी त्याच्याच पायावर.

"लय उशीर केला, ताई," एवढंच म्हणाला. मग घरात ओरडून त्यानं चहा टाकायला सांगितला. चहा पिताना मी त्याला काकांची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "गोणपाट सरकवलं व्हय? शहाणा दिसतो गडी."

नाशिकला परतल्यावर मी ती कादंबरी वाचायला घेतली. त्या भावाला भेटायचं होतं. कादंबरीत एक व्यापारी होता, त्याच्या तीन मुली होत्या, कोर्टातला खटला होता. भाऊ नव्हता. कांदे नव्हते. मला वाटलं, माझीच पानं चुकली असतील. पुन्हा वाचली. नव्हताच तो.

काका आले तेव्हा मी विचारलं. ते चपापले.

"नाही? असं कसं? मी वाचलंय ना!"

"दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल, काका."

"नाही हो. हेच. डाव्या पानावर होतं, खाली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "द्या बरं ते इकडे."

कादंबरी पुन्हा त्यांच्या घरी गेली. त्यानंतर ते मुदत वाढवून घ्यायला तेवढे यायचे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून डावी पानं तपासायचे. "अजून नाही सापडलं," जाताना सांगायचे. मी म्हणायची, "राहू द्या, काका, माझं काम झालंय." कसलं काम, ते मात्र कधी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं होत राहिलं.

मग त्यांचं येणं थांबलं. एक दिवस त्यांच्या शेजारच्या बाई पुस्तक घेऊन आल्या. काका झोपेतच गेले होते.

"हे उशाशी होतं," त्या म्हणाल्या.

"त्यांना बहीण होती का हो?" मी विचारलं.

"कुणीच नव्हतं. भाऊ नाही, बहीण नाही. एकुलते एक." मग म्हणाल्या, "का?"

मी पुस्तक कपाटात ठेवलं. ते भाऊ-बहीण पुस्तकात नव्हते, त्यांच्या घरात नव्हते, मग कुठलं सांगितलं त्यांनी मला? मी अजून विचार करते. तुम्हाला काही सुचतंय का?

यंदा द्राक्षं निघाली तेव्हा भाऊ अचानक वाचनालयात आला. हातात पिशवी.

"ते काका कुठं हायेत? त्यांच्यासाठी आणली."

मी सांगितलं. त्यानं पिशवी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "ते पुस्तक तरी दाखव."

शाळा सुटल्यापासून त्यानं पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. मी कपाटातून कादंबरी काढून दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

"कुठल्या पानावर हाय तो भाऊ?"

ओठांवर आलेलं खरं मी गिळलं. "पहिल्यापासून वाच," म्हटलं.

तो खिडकीजवळ जाऊन बसला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागला. मी रांगेतली माणसं उरकली, खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. त्यानं मान वर केली नाही. शेवटी मी जवळ जाऊन उभी राहिले, तेव्हा पानात बोट अडकवून म्हणाला,

"ताई, हे घरी नेता येतं का?"